३१ व्होल्टची माळ

नाताळच्या माळेचे दिवे सहसा जात नाहीत. जाते ती तिच्या टोकाची काळी डबी, म्हणजे अडॅप्टर. एलईडीचे दाणे वर्षानुवर्षं टिकतात, हिरव्या वायरीला काही होत नाही, तरीही तीन राजांचा सण (६ जानेवारी) उलटला की आमच्या बोरिवलीत सोसायट्यांच्या कचऱ्याच्या डब्यांवर अशा माळांची भेंडोळी पडलेली दिसतात. त्यातल्या बऱ्याच माळा धडधाकट असतात याची मला खात्री आहे. फक्त त्यांना किती वीज द्यायची हे कुणाला ठाऊक नसतं, कारण ती सगळी माहिती छापलेली असते डबीवर. माळेवर एक अक्षर नसतं. डबी जळाली किंवा हरवली की धडधाकट माळ बेवारशी होते.

हे मला फार खुपतं. यंदा आमच्याच घरातल्या माळेवर ती वेळ आली, म्हणून लिहायला बसले.

माळ मामाने आणलेली. मामा बोटीवर फिटर होता. युरोपातल्या कुठल्याशा बंदरावर डिसेंबरात बोट थांबली असताना त्याने ती घेतली आणि सुट्टीवर आला तेव्हा आईच्या हातात ठेवली. शंभर दिवे, गडद हिरवी जाड वायर, आणि तुपाच्या निरांजनासारखा उबदार उजेड. आमचं मूळ घर वसईचं. तिथली नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करायची रीत आई बोरिवलीच्या फ्लॅटमध्येही सोडत नाही. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला की ती ताटलीत नाचणी पेरते, ख्रिस्तजन्मापर्यंत तिचं हिरवं गवत होतं, त्यावर मेंढ्या उभ्या राहतात. पेंढ्याच्या छपराला मामाची माळ गुंडाळायची आणि उरलेली ग्रिलवर सोडायची. डबीवरच्या बटणाने माळ आठ तऱ्हांनी चमकते, पण आईला त्यातली एकच तऱ्हा चालते, स्थिर. "गोठ्यावर लुकलुक नको, बाळ झोपलंय," हे ती दर वर्षी सांगते.

मामा आता नाही. त्यामुळे "नवी आण ना, दोनशे रुपयांत मिळते" असं कुणी म्हटलं की आई उत्तरच देत नाही. मला मात्र भावनेपलीकडचंही एक कारण दिसतं. दोनशे रुपयांत मिळणाऱ्या बहुतेक माळा थेट भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालतात. मामाची माळ ३१ व्होल्टवर. लोखंडी ग्रिलवर टाकायची, लहान मुलांच्या हाताशी येणारी वस्तू कमी व्होल्टेजची असावी, हे मी डॅडींच्या जुन्या सिरीजकडे बघत शिकले. त्या सिरीजमध्ये ६ व्होल्टचे चाळीस बल्ब एकामागोमाग जोडलेले असायचे. चाळीस सक २४०, म्हणून ती सरळ प्लगला लागायची. एक बल्ब उडाला की अख्खी सिरीज बंद. मग डॅडी एक चांगला बल्ब हातात घेऊन प्रत्येक खाचेत लावून बघत, मेलेला कोणता ते सापडेपर्यंत. आम्ही पोरं भोवती बसून ही शोधमोहीम बघायचो. सिरीज प्लगला लावलेली असताना त्या एका रिकाम्या खाचेत पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाकी सगळे बल्ब अंधारात असतात, म्हणून खाच निरुपद्रवी वाटते. तशी ती मुळीच नसते.

तर यंदा माळ काढली, लावली, काही नाही. डबी गरमही होईना.

डबीवरची अक्षरं पांढऱ्या शाईची नव्हती, प्लास्टिकमध्येच उठवलेली होती, आणि इतक्या वर्षांत झिजून काळ्यावर काळी झाली होती. अशा वेळी एक उपाय हमखास लागू पडतो. थोडी टाल्कम पावडर बोटाने चोळायची, वरची पुसून टाकायची, आणि टॉर्च आडवा धरायचा. पावडर उठावाच्या कडेकडेने अडकून राहते आणि अक्षरं वर येतात. एका कोपऱ्यात चौकोनात चौकोन दिसला. ही दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे अर्थिंगची पिन नसली तरी चालतं. खाली आउटपुटच्या ओळीत ३१ आणि पुढे ६ वॅट. पण व्होल्टच्या पुढची खूण पार गेलेली. तिथे नागमोडी रेघ असेल तर एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज. सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असतील तर डीसी, एकाच दिशेने वाहणारी. ३१ आकडा मिळाला तरी ही खूण मिळाल्याशिवाय काम अर्धवटच.

आधी लोहार चाळीत गेले, क्रॉफर्ड मार्केटजवळ. दिव्यांचा घाऊक बाजार तो. दिवाळी ते नाताळ या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि माळा डझनाच्या हिशेबाने उचलल्या जातात. अडॅप्टर सुटा मागितला की दुकानदार नव्या माळेकडे बोट दाखवतात. त्यांना दोष देता येत नाही, तो बाजार विकण्याचा आहे, जोडण्याचा नाही.

जोडण्याचा बाजार ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, आणि सगळी मुंबई अजून लॅमिंग्टन रोडच म्हणते. लॉर्ड लॅमिंग्टन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचं नाव इंजिनिअरिंगच्या पोरांनी जिवंत ठेवलंय. परीक्षेच्या आधी प्रोजेक्टची यादी घेऊन ती इथे झुंडीने येतात. रविवारी रस्ता सुना असतो, इतर दिवशी एकेका टेबलाएवढ्या दुकानात हजारो सुटे भाग खणाखणांत भरलेले असतात आणि मागितलेली वस्तू दुकानदार न बघता काढून देतो.

अडॅप्टरांच्या दुकानांत मात्र "इकत्तीस? ऐसा नंबर नहीं आता" हेच ऐकत गेले. मिळतात ५, ९, १२, १९, २४, ३६, ४८. एकाने २४ पुढे केला, दुसऱ्याने ३६ लावा म्हणून सांगितलं, "जादा चमकेगा." दोन्ही नाकारले आणि का ते सांगते, कारण पुष्कळ माळा याच टप्प्यावर कायमच्या जातात. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. माळेत ते दहादहाच्या गटांत एकामागोमाग ओवलेले असतात, म्हणून ३० च्या आसपासचा आकडा येतो. २४ दिले तर एकेकाच्या वाट्याला २.४ येतात, त्यावर तो धड पेटत नाही. ३६ दिले तर ३.६ होतात आणि एलईडीतून जाणारा प्रवाह एकदम कितीतरी पट वाढतो. चमकेल खरा, पण काही दिवसच. व्होल्टेजच्या बाबतीत "जवळपास" चालत नाही. अँपिअरचं उलट. तो आकडा डबीची ताकद सांगतो. माळ लागेल तेवढाच प्रवाह ओढते, त्यामुळे अर्ध्या अँपिअरच्या जागी २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर काही बिघडत नाही. लोक नेमकं उलटं धरून चालतात. अँपिअर जास्त दिसला की घाबरतात आणि व्होल्टेज थोडं इकडेतिकडे चालेल म्हणतात.

३१ हा विचित्र आकडा का, याचा माझा तर्क असा, की बनवणाऱ्याने दिवे आधी ओवले आणि मग त्यांना पुरेल अशी डबी बनवली. माळ आणि डबी एकाच खोक्यात विकायची असल्यावर बाजारातल्या कुठल्या आकड्याशी जुळवायची गरज त्याला वाटली नसावी.

शेवटी एका दुकानदाराने वरच्या मजल्यावर पाठवलं. लाकडी जिना, वर एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर सोल्डरिंगचा धूर. दुरुस्तीवाले काका साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवलेला. मी माळ टेबलावर ठेवली. त्यांनी डबीला हातही लावला नाही, आधी एक विझलेला दाणा डोळ्याजवळ नेला. "पांढराच आहे. आत पिवळा ठिपका बघा, ताई."

खरोखरच होता. दाण्याच्या तळाशी, मोहरीहूनही लहान, पिवळा धम्मक. पांढरा एलईडी आतून निळा असतो. त्या निळ्या उजेडावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या भुकटीचा, लेप चढवला की बाहेर पांढरा पडतो, लेप जाड आणि थोडा तांबूस केला की मामाच्या माळेसारखा उबदार. हा निळा एलईडी मिळवायला माणसाला फार थांबावं लागलं. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या झाडाला विजेचे ८० छोटे दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे. विजेच्या नाताळमाळेची सुरुवात तिथली. लाल एलईडी १९६२ मध्ये आला, पण पुरेसा प्रखर निळा यायला १९९० चं दशक उजाडलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते सगळं त्या पिवळ्या ठिपक्याच्या पोटात आहे. काकांना त्यातून हवं होतं ते इतकंच, की एका दाण्याला ३ व्होल्ट धरायचे.

मग त्यांनी बेंच सप्लाय ओढला, म्हणजे हवी तेवढी वीज मोजून देणारं टेबलावरचं यंत्र. दोन बटणं, दोन आकडे, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. प्रवाहाची मर्यादा आधी अगदी कमी ठेवली, म्हणजे चुकलंच तरी काही जळायला नको. लाल-काळे चिमटे माळेच्या दोन तारांना लावले आणि व्होल्टेज हळूहळू चढवायला लागले. दहा, पंधरा, वीस, काहीच नाही. पंचविसाच्या पुढे कुठेतरी दाण्यांत काजव्याएवढा उजेड दिसला. तिशीला माळ पेटली.

अर्धी. एक सोडून एक दाणा लखलखीत आणि मधले ठार काळे. माझा चेहरा पडलेला बघून काका म्हणाले, "थांबा की." आणि चिमटे उलटे लावले. लालच्या जागी काळा, काळ्याच्या जागी लाल. आता मघाचे सगळे विझले आणि काळे राहिलेले पेटले.

एवढ्या वर्षांत मला ही गोष्ट ठाऊक नव्हती आणि ती कळल्यावर मी त्या टेबलाशी कितीतरी वेळ ते चिमटे स्वतःच उलटसुलट करून बघत राहिले. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. म्हणून बनवणाऱ्याने शंभरातले पन्नास दाणे एका दिशेला आणि पन्नास उलट दिशेला तोंड करून त्याच दोन तारांवर बसवले. डबी तारांची अधिक-उणे बाजू आलटून पालटून बदलते. सावकाश बदलली की माळ आळीपाळीने लुकलुकते. सेकंदाला शंभरेक वेळा बदलली की डोळ्याला दोन्ही अर्ध्या माळा एकदम पेटलेल्या दिसतात. आईची ती स्थिर तऱ्हा, बाळाला झोपू देणारी, ती सगळ्यात वेगाने चाललेली अदलाबदल आहे. तिसरी तार न वापरता हे साधणाऱ्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटलं.

आणि म्हणूनच दुकानात ३१ व्होल्टचा साधा डीसी अडॅप्टर मिळाला असता तरी आमची माळ अर्धीच पेटली असती. अशा माळा लोक "अर्धे दिवे गेले" म्हणून टाकतात. तुमच्या माळेला दोनच तारा असतील आणि नव्या अडॅप्टरवर एक सोडून एक दाणा पेटत असेल, तर कृपा करून ती टाकू नका. दिवे गेलेले नाहीत.

काकांनी मग डबी उघडली. तिला स्क्रू नव्हते, दोन्ही भाग चिकटवून बंद केलेले. हेक्सॉ ब्लेड सांध्यावरून फिरवून त्यांनी ती दुभंगली. आत मोठ्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाची, टोपी फुगलेली, शेजारच्या चिपला खड्डा पडलेला. आधी त्यांनी कपॅसिटरमधली उरलेली वीज एका रेझिस्टरवरून उतरवली. प्लग काढल्यावरही ती आत राहू शकते, म्हणून माहीत नसताना अशी डबी घरी उघडायची नाही, हे त्यांनी मला बजावलं आणि मी इथे बजावते. भिंतीची वीज उतरवणारा भाग मेला होता. पण पलीकडचा तुकडा, बटण आणि अदलाबदल करणारं सर्किट, शाबूत होता. त्याला बाहेरून ३१ व्होल्ट डीसी दिले आणि बटण दाबलं. माळ पूर्ण पेटली.

आता प्रश्न उरला हे ३१ रोज कुठून आणायचे. काकांनी सुचवलेलं उत्तर मला इतकं आवडलं की त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. त्यांनी १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्यायला सांगितला. वायफायच्या राउटरला, सेट-टॉप बॉक्सला, सीसीटीव्हीला लागतो तो. आणि सोबत एक बूस्ट मोड्यूल, एक्सएल६००९ नावाच्या चिपवालं, टपाल तिकिटाहून थोडं मोठं. ते १२ चे वाढवून ३१ करतं. प्रोजेक्टवाली पोरं ते ढिगाने नेतात. मोड्यूलवर एक निळी ठोकळी असते, तिच्यावर पितळेचा इवलासा स्क्रू. माळ न जोडता मीटर लावायचा आणि तो स्क्रू फिरवत राहायचं. सुरुवातीला बरेच फेरे आकडा हलतच नाही, माणसाला वाटतं बिघडलंय, आणि मग एकदम चढायला लागतो. तो स्क्रू काकांनी मला फिरवू दिला. ३१ वर आला तसा त्यांनी त्यावर नेलपॉलिशचा ठिपका ठेवला, म्हणजे पुन्हा हलायला नको. हिशेब सोपा होता. माळ जास्तीत जास्त ६ वॅट ओढणार, म्हणजे १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर, वर थोडी घट. १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो.

अडॅप्टर निवडताना त्यांनी दोन गोष्टी बघायला लावल्या. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची खूण, जिच्यासोबत आयएस १३२५२ आणि आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. आणि पिन, बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतून २.१. आतून २.५ वालाही मिळतो, दिसतो अगदी तसाच, आणि सैल बसून अधूनमधून सुटतो. जुनी डबी युरोपातली असल्याने तिचे खुंटही आपल्या सॉकेटमध्ये डुगडुगायचे. तीच कदाचित तिच्या मरणाची सुरुवात असेल, ठिणग्या उडत राहणं कुठल्याच सर्किटला मानवत नाही.

जुनं सर्किट, नवं मोड्यूल आणि एक जॅक, सगळं एका छोट्या प्लास्टिकच्या खोक्यात बसलं. बटण बाहेर आलं. घरी आल्यावर मी फोनच्या स्लो-मोशनमध्ये माळ टिपली. डोळ्याला शांत दिसणारी माळ त्यात धडधडत होती, हे दाणे, ते दाणे, हे दाणे. आईला दाखवलं. तिने बघितलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "मला दिसत नाही ना, मग झालं." आणि गोठ्याच्या छपरावर माळ चढवायला लागली.

मला जे मोलाचं वाटतं ते हे, की आता आमच्या माळेला जगातली सगळ्यात सहज मिळणारी डबी चालते. ती उद्या गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, नाहीतर घरातल्या जुन्या राउटरची लावता येईल. फोनच्या बाबतीत हे सरकारी पातळीवर झालं. युरोपियन संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना, टॅबलेटना, हेडफोनना सी टाइपचं चार्जिंग सक्तीचं आहे. त्या यादीत नाताळच्या माळा नाहीत. खरं तर फोन चार-पाच वर्षांत बदलला जातो आणि माळ वीस वर्षं माळ्यावर राहू शकते. जी वस्तू जास्त टिकते तिच्या डबीची फिकीर जास्त करायला हवी. सगळ्या माळा एकाच व्होल्टेजवर याव्यात असं मी म्हणत नाही. निदान माळेच्या वायरीवरच, टोकाशी, एक पट्टी असावी: किती व्होल्ट, एसी की डीसी, किती वॅट. छापायला कितीसा खर्च येणार!

तोवर मी ते हाताने करते. आमच्या माळेच्या टोकाशी कापडी पट्टी गुंडाळून पक्क्या शाईने लिहिलंय: माळ ३१ व्होल्ट, ६ वॅट, दोन तारा, अधिक-उणे बदलते, खोक्याला १२ व्होल्ट डीसी, १ अँपिअर, आतली बाजू अधिक. मग घरातल्या इतर गोष्टींनाही अशाच पट्ट्या लावल्या, गणपतीतल्या तोरणाला, तार्‍यातल्या दिव्याला, डॅडींच्या रेडिओला.

हे बघून तळमजल्यावरच्या आंटी परवा त्यांची माळ घेऊन वर आल्या. त्यांची आमच्याहून जुनी, काचेच्या बल्बांची, बाहेरून आणलेली, आणि डबी चांगली जड. आतमध्ये लोखंड आणि तांबं असल्याशिवाय एवढं वजन येत नाही. पावडर चोळली. २४ व्होल्ट, आणि पुढे स्पष्ट नागमोडी रेघ. म्हणजे एसी, साधा ट्रान्सफॉर्मर, त्यात अदलाबदल करणाऱ्या वेगळ्या सर्किटची भानगड नाही, आणि २४ हा आकडा लॅमिंग्टन रोडला सहज मिळणारा. किती बल्ब आहेत आणि एकेक किती वॅटचा, ते मोजून आणायला आंटींना सांगितलंय.